ताठ पाठीची हजेरीवही

टेबलावर रक्ततपासणीचा कागद पडला होता आणि त्याच्याभोवतीची चार माणसं, घरातल्याच कुणाचा अपराध उघडकीस यावा तशी, भिंतीकडे, छताकडे, स्वतःच्या चपलांकडे पाहत होती. पंखा तेवढा निर्विकारपणे कागदाचा कोपरा उचलत होता आणि ठेवत होता. टेबलापलीकडे डॉक्टरीणबाई विनाकारण पेनाचं टोपण काढत आणि लावत बसल्या होत्या.

"म्हणजे," आई अखेर म्हणाली, "ते यांच्याकडून आलं."

'ते' म्हणजे शरीराचं संरक्षण पाहणाऱ्या जनुकांपैकी एकाचा विशिष्ट प्रकार. 'हे' म्हणजे बाबा, कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षं रखवालदारी करून निवृत्त झालेले. आणि ज्याच्यापर्यंत ते वारशाने पोचलं, तो त्यांचा मुलगा, पुस्तकं बांधणारा बाइंडर, खुर्चीच्या कडेवर तिरका बसला होता. फार वेळ टेकून बसलं की त्याच्या पाठीचं लाकूड व्हायचं.

"बारा वर्षं," मामा म्हणाले, "बारा वर्षं या घरात माझ्या पाठीच्या नावाने खडे फोडले गेले. दाजी, आता बोला."

मामा वाकून चालत, हे खरं. पण ते तरुणपणी सायकलसकट ओढ्यात कोसळल्यामुळे. तरीही मुलाची पाठ धरली की बाबा सासरवाडीच्या दिशेने पाहत आणि सुस्कारा सोडत. म्हणूनच गरज नसताना मामांनी तपासणीसाठी स्वतःहून दंड पुढे केला होता. मला निर्दोष असल्याचं लेखी हवं, असं त्यांनी रक्त घेणाऱ्या नर्सला बजावलं होतं.

"यात दोष कुणाचाच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा प्रकार जगात सगळीकडे सारखा आढळत नाही. दूर उत्तरेच्या काही थंड प्रदेशांत चार माणसांत एकाकडे सापडतो, तर काही लोकसमूहांत जवळजवळ नाहीच. आणि असला, तरी बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. तुम्हालाच पाहा, आजोबा. तुम्ही ठणठणीत आहात."

बाबांची मान हळूहळू वर आली. "उत्तरेकडे? मी म्हणतच होतो. आपले पूर्वज तिकडचे. उंच आणि शिस्तीचे."

"यावरून तसं म्हणता येत नाही."

"उंच कसले," आई म्हणाली. "यांना माळ्यावरचा डबा काढायला स्टूल लागतं, आणि स्टूल धरायला मी."

विषय सुरक्षित जागी न्यावा म्हणून डॉक्टरीणबाईंनी आपलं नेहमीचं उदाहरण काढलं. "ही जनुकं म्हणजे फाटकावरचे रखवालदार समजा. घरचं कोण, उपरं कोण, ते ओळखायला मदत करणारे. काही विषाणूंना तर तुमचा हा प्रकार फार चांगला अडवतो. पण काही जणांत गोंधळ उडतो, आणि पहारेकरी घरच्याच माणसांवर काठी उगारतो. नेमकं का, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

हजारो रुग्णांना समजलेलं ते उदाहरण या एका माणसापुढे मात्र सांगायला नको होतं.

"गोंधळ?" बाबा म्हणाले. "रखवालदाराने पास मागितला होता का?"

"कुणाकडे?"

"मणक्यांकडे. मागितला असेल आणि त्यांनी दाखवला नसेल, तर चूक मणक्यांची. मी एकदा खुद्द मालकांना पास नाही म्हणून दीड तास बाहेर उभं केलं होतं."

"आणि त्याच आठवड्यात यांना मागच्या फाटकावर पाठवलं," आईने माहिती पुरवली.

मामा खोकल्याच्या आडून हसले. बाइंडर हसला नाही. त्याला ना पूर्वज हवे होते ना रखवालदार; त्याला एक शब्द परत घ्यायला लावायचा होता. विशीत असल्यापासून रोज सकाळी अंथरुणातून सुटं होणं म्हणजे डिंकात चिकटलेली पानं एकेक सोडवण्यासारखं होतं, आणि बाहेरून, रोज, बाबांच्या आवाजात तोच शब्द यायचा: आळशी.

"वारसा मान्य," बाबा पिशवीत हात घालत म्हणाले. "पण आळस ही निराळी बाब. त्याचा माझ्याकडे पुरावा आहे."

त्यांनी जाडजूड हजेरीवही टेबलावर ठेवली. निवृत्तीनंतर फाटक सुटलं होतं, नोंदी सुटल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी वही उघडली आणि मोठ्याने वाचू लागल्या.

"सहा वाजता हाक मारली, हालचाल नाही. सहा वीस, कुशीवर वळला, कण्हण्याचं नाटक. सात पाच, भिंत धरून उभा. आठ, गल्लीत फेऱ्या मारून येताच ठणठणीत. शेरा: आळस." त्यांनी पान उलटलं. "रविवार. दिवसभर लोळला. संध्याकाळी म्हणतो पाठ जास्त धरली. शेरा: जास्त आळस."

त्या थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हरवलेलं पत्र सापडल्याचा उजेड पसरला.

"आजोबा, विश्रांतीने वाढायचं आणि चालल्याने कमी व्हायचं, हेच मणक्यांच्या दाहक संधिवाताचं लक्षण. नुसत्या जनुकावरून निदान होत नाही. पण ही वही आणि त्याच्या कमरेचं स्कॅन एकच गोष्ट सांगतात. बारा वर्षांची इतकी चोख नोंद मला आजवर कुणी आणून दिलेली नाही. याची प्रत ठेवू का? उपचार याच आठवड्यात सुरू करू."

"अक्षर लागतंय ना?" बाबांनी विचारलं. अभिमान त्यांच्या मिशीपर्यंत आला, आणि तिथे पोचल्यावर आपण कशाचा अभिमान बाळगतो आहोत हे कळून अडखळला.

"दाजी," मामा म्हणाले, "पोराविरुद्धचा साक्षीदार उलटला की हो."

"दादा, तू गप," आई म्हणाली.

बाइंडर उठला. सवयीने टेबल धरून, मग हळूहळू सरळ. वहीतले शेरे त्याने बोटाने वरपासून खालपर्यंत पाहिले. खाडाखोड कुठेच नव्हती. कित्येक वर्षं घोकून ठेवलेल्या धारदार वाक्यांपैकी आता, ऐन वेळी, त्याला एकही आठवेना.

"बाबा," तो म्हणाला, "मी आळशी होतो का?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंच्या हातातलं, स्वतःचं नसलेलं पेन काढून घेतलं, वहीतल्या शेऱ्यावर नेलं, पण काहीच न खोडता टोपण लावलं आणि आपल्या खिशात अडकवलं. वही टेबलावर तशीच उघडी ठेवून ते उठले, आणि दार ओढून बाहेरच्या लांब बोळातून, शिस्तीत पावलं टाकत, निघून गेले.