अंगठीवरचे तीन दोरे

“भूक कशी आहे?” सिस्टरनं विचारलं आजींना, पण उत्तर आलं त्यांच्या मुलाकडून.

“झकास! आमची आई दगडसुद्धा पचवेल. स्वयंपाकघरात जरा चक्कर आली, म्हणून आणलं एवढंच. लिहा, ठणठणीत.”

आता ठणठणीत माणूस दवाखान्याच्या कॉटवर कशाला येईल? पण बावीस वर्षं भरतीचे फॉर्म भरून सिस्टर एवढं शिकली होती की नातेवाइकाचं तोंड सुरू झालं की पेशंटचं बंद होतं. तिनं त्याला कागदांवर शिक्का आणायला खालच्या खिडकीवर पिटाळलं. तो गेला आणि आजींनी डावा हात हळूच चादरीखाली सरकवला.

“बघू तो हात.”

बोटात लग्नातली अंगठी होती आणि घसरू नये म्हणून तिला खालून दोरा गुंडाळलेला. एक नाही, तीन रंगांचा.

“ही काय भानगड, आजी?”

“घसरते मेली. पूर्वी साबण लावूनसुद्धा निघायची नाही.”

“पहिला दोरा कधीचा?”

“पांढरा? नातवाच्या शर्टाला बटण लावलं तेव्हाचा. शाळा सुरू व्हायची होती. मग हिरवा, नातीच्या फ्रॉकचा. काळा मागच्या महिन्यातला, ह्याची पँट उसवली होती.”

सिस्टरनं मनातल्या मनात हिशेब केला. जूनपासून आठ महिने आजी झडत होत्या.

“आणि जेवण?”

“दोन घासांपुढे जात नाही. वाढणारी मीच, माझ्या ताटात कोण बघतंय?” आजींनी दाराकडे पाहिलं. “गेल्या वर्षी सून गेली गं, ह्याच दवाखान्यातून नेली. पोरगा आत्ता कुठे हसायला लागलाय. लिहू नकोस बाई.”

“लिहावंच लागतं, आजी. डॉक्टरांना कळायला हवं.”

“त्यांना कळू दे. त्याला नको.”

असं कुठे होतं? सिस्टरनं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं, याचाच तिला राग आला. पुढचं काय ते तिला दिसत होतं, पण बोलायचा अधिकार नव्हता आणि थांबवायची ताकद तर कुणाचीच नव्हती.

मुलगा शिक्का घेऊन परतला. “काय सिस्टर, पास झाली का आई?”

“अंगावरचे दागिने घरच्यांकडे द्यायचे असतात,” ती एवढंच म्हणाली.

अंगठी न ओढताच निघाली. “या काय चिंध्या गुंडाळल्यास गं!” म्हणत तो दोरे सोडवायला लागला. सिस्टर एक पाऊल पुढे झाली, पण काय सांगून अडवणार? काळा सुटला, हिरवा सुटला, पांढरा सुटला.

“बोटात सैल होते तर अंगठ्यात घालायची, वेडाबाई!” त्यानं हसत अंगठी आईच्या अंगठ्यात सरकवली.

ती थेट बुडापर्यंत गेली आणि तिथंही गरगर फिरली. त्यानं पुन्हा एकदा फिरवून पाहिली. मग आईचं मनगट धरून तो तसाच उभा राहिला.

“दोरे टाकू नकोस रे,” आजी म्हणाल्या. “लागतील परत.”