चारच भागांसाठी

मी एक टोप बोलतोय. पांढऱ्या केसांचा. 'विग' म्हणालात तरी राग नाही, पण 'खोटे केस' तेवढं म्हणू नका. केस खरेच आहेत, कुणाच्या तरी डोक्यावर वाढलेले. खोटं आहे ते फक्त माझं वय.

एका कारागिराने माझा एकेक केस जाळीत ओवला. कपाळाजवळ इतका विरळ, की कॅमेरा नाकाला टेकला तरी फसावा. मला वाटलं होतं, एखाद्या मुरलेल्या वयस्कर नटीच्या डोक्यावर मानाने बसेन. वाट्याला आली सव्वीस वर्षांची पोरगी! तिने रंगवलेली सून घराघरांत लाडकी झाली होती. आणि तिची वेणी कमरेखाली जायची. ती वेणी पाहून माझा जीव जळला, खोटं कशाला बोलू?

एक दिवस निर्माता मेकअपच्या खोलीत आला. "कथा वीस वर्षं पुढे नेतोय. तू आता सासू. चारच भाग, मग परत जुन्या दिवसांत येऊ."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर भिंतीवर तुझा फोटो लागेल. कथेत गं!" असं म्हणून तो एकटाच हसला.

फोटो झालेल्या नटीला दुसरं काम कधी मिळेल याचा भरवसा नसतो, हे तिला ठाऊक होतं. ती आरशासमोर जाऊन बसली. केस करणाऱ्या मावशीने वेणी गुंडाळून दाबून बसवली आणि तोंडात पिना धरूनच म्हणाली, "पोरी, पांढरं एकदा चढलं की उतरत नाही बरं."

"चार भागांचा तर प्रश्न आहे, मावशी."

कसले चार भाग! लोकांना तिची सासू सुनेपेक्षाही आवडली आणि निर्मात्याने जुन्या दिवसांचं नावच टाकलं. पडद्यावरचा तिचा मुलगा तिच्यापेक्षा वयाने मोठा होता. "आई, खाणार नसशील तर दे," म्हणत तिच्या बशीतली बिस्किटं संपवायचा.

मला ती सेटवर कुणाच्या भरवशावर सोडायची नाही, डब्यात घालून घरी न्यायची. म्हणून तिची खरी आईही मला ठाऊक आहे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आई सुट्टीच्या दिवशी लेकीच्या केसांना तेल लावायची.

"माझ्याआधी म्हातारी झालीस गं," आई म्हणायची.

"पडद्यावर गं, आई."

"मला पडद्यावरच दिसतेस की. घरी असतेस कधी?" मग वेणी घट्ट ओढून म्हणायची, "एकदा तरी तुझ्या केसांत दिस. ही वेणी मी वाढवलीय. मला पडद्यावर बघू दे."

"पुढच्या मालिकेत, आई. नक्की."

पुढच्या मालिकेत ती पुन्हा आईच झाली, त्याच्या पुढच्या मालिकेत आजी. "माझ्या वयाचं काही नाही का?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "प्रेक्षक मानणार नाहीत." एकदा मात्र एक भूमिका चालून आली. तिच्याच वयाची शाळामास्तरीण, पाठीवर लांब वेणी. पण चालू मालिकेचा निर्माता सुट्टी देईना. हातातलं सोडून पळत्याच्या मागे कशाला, म्हणून तिने नकार कळवला. त्यानंतर आईने वेणीचा विषयच काढला नाही, आणि मला वाटतं लेकीला तेच जास्त लागलं.

आईचं जास्त झालंय असा घरून फोन आला तेव्हा मी तिच्या डोक्यावर होतो. ती तशीच धावली, मला काढायचं भान कुठलं? ती पलंगाशी बसली, तर औषध द्यायला आलेल्या नर्सला कळेना, यातली आई कोण आणि लेक कोण. आईने डोळे किलकिले केले. हात उचलून माझ्यावरून फिरवला. बोटं मानेपर्यंत गेली, पाठीवर काहीतरी शोधत राहिली.

"केस कुठे गेले गं?" एवढंच म्हणाली. तिचे ते शेवटचे शब्द.

तो हात माझ्यासाठी नव्हता. आयुष्यात मला तेवढीच एक माया मिळाली, आणि तीही दुसऱ्याच्या वाट्याची.

आता माझ्याखालचे तिचे केसही पांढरे झालेत. वेणी करंगळीएवढी उरलीय. परवा एका नव्या दिग्दर्शकाने आजीच्या भूमिकेसाठी बोलावलं, तर ती मला घरीच ठेवून गेली. परत आली ती पडलेल्या चेहऱ्याने. आल्या आल्या तिने मावशीला फोन लावला.

"मावशी, तो म्हणतो, 'ताई, हे पांढरे केस खोटे वाटतात, तुमचा तो विग आणा.'" ती हसायला गेली, पण हसू काही जमलं नाही.

मग तिने माझा डबा उघडला. मला हातात घेतलं. विंचरलंसुद्धा. मी मनात म्हणालो, चला, निघाली आपली स्वारी! पण तिने मला परत आत ठेवलं, झाकण लावलं आणि दिग्दर्शकाला फोन केला.

"विग हरवलाय. माझे केस चालत असतील तर कळवा."

अजून त्याचं उत्तर आलेलं नाही. ती आईच्या खुर्चीत बसून तेल लावतेय, तेवढीशी वेणी स्वतःच घालतेय. झाकणाच्या फटीतून मला दिसतं सगळं.

चांगल्या कथेसाठी खुशाल चाळीस वर्षं पुढे जा, माझं काही म्हणणं नाही. फक्त ती वर्षं कुणाच्या आयुष्यातून कापून घेताय, ते आधी बघा. आणि तो दिग्दर्शक माझी चौकशी करत तुमच्याकडे आलाच, तर एवढी कृपा करा. मी खरंच हरवलोय म्हणून सांगा.