अवघड गणिताच्या वर्गाचा हजेरीपट

मी एक जुना हजेरीपट आहे. आदिलाबादच्या एका छापखान्यात माझी पाने शिवली गेली, पाठीला लाल कापड चिकटवले गेले आणि १९८६ च्या जूनमध्ये मी भीमपूरजवळच्या एका मराठी शाळेत आलो. तेव्हा तेथे दहावीला गणिताचे दोन वर्ग होते, एक अवघड आणि एक सोपा. मी अवघड वर्गाचा. माझ्यात अकरा नावे होती. सुधाकरराव मास्तर मला रोज रुमालाने पुसूनच उघडीत.

मित्रांनो, पहिल्या चाचणीत अकरांपैकी नऊ जण नापास झाले. सोप्या वर्गात ऐंशीच्या खाली कोणी नव्हते, आणि कॉलेजात प्रवेश टक्क्यांवर मिळे. आठवड्याभरात दहा मुले मैदानापलीकडच्या त्या वर्गात गेली. उरली एकटी वनमाला, मोतीराम कारकुनांची मुलगी.

तथापि वरच्या कचेरीचा हुकूम आल्यावाचून नाव कमी करू नये, असा नियम होता. आणि मास्तर नियमाचे पक्के. ते रोज अकराही नावे पुकारीत. दहांना उत्तर नसे.

श्रावणातल्या एका दुपारी त्यांनी "मारोती" म्हटले, आणि रिकाम्या बाकावरून हलकेच आवाज आला, "हजर." मग दुसरा, तिसरा, दहावा. खरा मारोती तर खिडकीतून पलीकडच्या वर्गात बसलेला दिसत होता.

"तुला ऐकू आलं का गं?" मास्तरांनी विचारले.

"रोजच येते, सर. आज तुमाले आलं."

मास्तरांनी गैरहजेरीच मांडली. आवाज म्हणजे उपस्थिती नव्हे, असे त्यांचे मत. माझे तसे नाही.

मधल्या सुट्टीत मारोती चिडवी, "वने, भुतायसंग शिकून राह्यली काय? ये इकडं, फुकटचे मार्क हायेत!"

शेवटी मोतीराम वर्ग बदलण्याचा अर्ज घेऊन शाळेतच आले. "माय, कॉलेजवाले टक्के पाहतेत, गणित नाई पाहत. कर सही."

"पण बाबा, मले हेच आवडते."

"आवडून काय होते? यादीत नाव नाई आलं, तर घरी बसशील."

तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी अर्ज देण्यासाठी ती दाराशी थांबली. मास्तर नावे पुकारीत होते. शेवटचे नाव आले, "वनमाला." तिने ओठ उघडले नव्हते. तरी आतून, तिच्याच बाकावरून, तिच्याच आवाजात उत्तर आले, "हजर, सर."

अर्ज तिच्या मुठीत चुरगळला. ती आत गेली. बाकाची फळी उबदार होती, जणू कोणी नुकतेच उठले असावे. ती तेथेच बसली.

"सर, माझं नाव पुना घ्या."

मास्तरांनी घेतले. या वेळी आवाज एकच आला.

तिला गणितात त्रेपन्न गुण पडले, मारोतीला ब्याण्णव. कॉलेजच्या पहिल्या दोन याद्यांत तिचे नाव नव्हते. तिसरीत ते सर्वांत खाली होते.

मला पुढे कपाटावर टाकून दिले. वाळवीने माझी कड खाल्ली आहे. वाऱ्याने पान उलटले की दहा जण अजून "हजर" म्हणतात. अकरावी, वनमाला, म्हणत नाही; ती मागे काही न ठेवता सबंध निघून गेली. मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका, वाळवी काढा. पण त्या दहा नावांवर हात फिरवताना जरा जपून. त्यांची सुट्टी अजून झालेली नाही.