एका कोयत्याचं माप

"पाचवी वाटी," धुरपताबाई म्हणाली आणि तिनं शिगोशीग भरलेल्या ज्वारीवर बोट टेकवलं.

शाळेच्या खोलीत टेबलावर पाच वाट्या ओळीनं मांडल्या होत्या. पहिली रिकामी, दुसरीत तळाला चार दाणे, तिसरी अर्धी, चौथी पाऊण, पाचवी भरून वर शीग आलेली. प्रियांका मॅडम हातातल्या कागदावरचं एकेक वाक्य वाचायच्या. ते आपल्याला मुळीच लागू नसेल तर रिकामी वाटी दाखवायची, तंतोतंत लागू असेल तर भरलेली. ज्यांना वाचता येत नाही अशा बायांसाठी त्यांनी काढलेली ही युक्ती.

"मी अनोळखी माणसांशी लगेच बोलायला लागते," असं वाक्य त्यांनी वाचलं होतं.

खिडकीशी कडूबाई आपली पाळी यायची वाट बघत उभी होती. ती फिसकन हसली. "अगं धुरपते, शेजारणीला इरजन मागायला तुला आठ दिस लागतेत! म्याडम, ज्वारी खोटं बोलायलीय बरं का."

"तू गप गं. तुला इचारल्यावर सांग."

सोनपेठच्या बाजूचं हे गाव दसरा झाला की निम्मं रिकामं होतं. माणसं ऊस तोडायला कारखान्यांवर जातात, लेकरं मागं राहतात. त्यांच्यासाठी एका संस्थेनं यंदा वसतिगृह काढलं होतं. बत्तीस लेकरांचं रांधून त्यांच्याजवळ राहील अशी एकच बाई हवी होती, आणि अर्ज तिघींचे होते. त्यातली कोण ते ठरवायला संस्थेच्या प्रियांका मॅडम ही वाक्यं विचारत होत्या.

धुरपताबाईला ते काम मिळणं फार गरजेचं होतं. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. यादीत तसाच मांडतात आणि तसाच बोलावतात. चैत्रात कारखान्यावरून परतल्यावर तिचा नवरा वैजीनाथ काविळीनं गेला, आणि ती अर्धा कोयता उरली. अर्धा कोयता कोणी यादीत घेत नाही. मुकादम महारुद्रनं एक वाट सांगितली होती, "पंकजाला घे संगं. मायलेकीचा एक कोयता धरतो." पंकजा नववीत होती. ट्रक निघायला अकरा दिवस राहिले होते.

साठ वाक्यं संपली तेव्हा धुरपताबाईनं भीत भीत विचारलं, "म्याडम, मानसाचा सोभाव मोजायचा कसा? त्याला ना वजन, ना लांबी."

प्रियांका मॅडम परभणीला मानसशास्त्र शिकलेल्या. कुणी असं विचारलं की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. "मावशी, ताप तरी कुठं दिसतो? चढलेला पारा दिसतो. तसा स्वभाव दिसत नाही, वागणं दिसतं. बरं, भात शिजला का ते कसं बघता?"

"शीत दाबून."

"भाताचं एका शितावरून कळतं. माणसाचं एक शीत कच्चं निघतं आणि एक पक्कं. म्हणून आम्ही साठ शितं दाबतो. तीच गोष्ट फिरवून फिरवून विचारतो. बोलकेपणा, नेटकेपणा, दुसऱ्याशी जुळवून घेणं, नव्याची ओढ आणि मन किती लवकर घाबरतं-चिडतं, अशी ही पाच मापं. ती प्रत्येकाला लागू पडतात. कुणाचं कमी भरतं, कुणाचं जास्त. पुष्कळांचं मधल्या वाटीच्या आसपास."

"आमालाबी?"

"तुम्हालाबी."

घरी जाताना धुरपताबाईला आपली पावलं निराळीच वाटत होती. तिनं डोक्यावरून वाहिलेला ऊस काट्यावर मोजला गेला होता. सरकारी दवाखान्यात तिचं रक्त मोजलं होतं. पण आत काय आहे ते पंचेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला एकटीलाच बोलावणं आलं. संस्थेचे म्हातारे कार्यकर्ते तात्याराव टेबलाशी बसले होते, समोर तिचा कागद होता.

"मॅडम, नियम तुमचाच हाय," तात्याराव म्हणाले. "उलटसुलट उत्तरं असली की कागद बाद. बाईनं सगळ्यालाच मान हलवलीय."

धुरपताबाईला पंकजाच्या हातात कोयता दिसला.

"मावशी, ऐका," प्रियांका मॅडम म्हणाल्या. "'अनोळखी माणसांशी लगेच बोलते', पाचवी वाटी. 'मला गप्प राहायला आवडतं', पाचवी. 'राग आला की ताडकन बोलून टाकते', पाचवी. 'राग आला तरी मनातच ठेवते', तीही पाचवी!"

"सगळं खरंच हाय की," धुरपताबाई म्हणाली.

"बघा!" तात्यारावांनी हात झटकले.

"थांबा तात्या. आधी मलाही तसंच वाटलं. पण 'हातातलं काम अर्धवट टाकते' याला रिकामी वाटी. 'लेकरांचा कंटाळा येतो' याला रिकामी. तिथं मावशी कुठं डळमळत नाहीत. बोलणं आणि राग, एवढ्यातच कागद दुभंगलाय, आणि तोही सरळ मधोमध. असा कागद मी कधी बघितला नाही. जणू दोन माणसांनी शेजारी बसून एकच कागद भरलाय."

धुरपताबाई पुढं वाकली. ती कागदाकडे बघत राहिली. पेन्सिलीचे बारके गोल होते नुसते. "या कागदाला कसं कळलं?" ती पुटपुटली. "म्या तर कुणालाच सांगितलं न्हाई."

"काय?"

"अनोळखी मानसाशी पंकजाचे वडील बोलायचे. उसाच्या फडात पाय ठेवला की निम्म्या टोळीशी सोयरीक करायचे. मी मागं मोळ्या बांधायची, गप. त्यांचा राग वर यायचा, माझा खाली जायचा. बावीस हंगाम मुकादम इचारायचा, कोयता दमला का, कोयता जेवला का? दोघांचं मिळून एकच उत्तर द्यायचं. तुमी 'मी, मी' वाचत व्हत्या, पर मला एकटीचं सांगायचंय हे ध्यानातच आलं न्हाई."

वऱ्हांड्यात मुलांची कवायत चालली होती. तात्यारावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं उगाच पुसला. "म्हंजी कोयत्याचं माप निघालं म्हणा," ते हळूच म्हणाले.

प्रियांका मॅडमनी कोरा कागद घेतला. "आता फक्त तुमचं."

"एकटीचं काय हाय ते म्या कधी बगितलंच न्हाई."

"मग आज बघू. घाई नाही."

'मी अनोळखी माणसांशी लगेच बोलायला लागते' या पहिल्याच वाक्याला तिचं बोट सवयीनं पाचव्या वाटीकडे गेलं, तिथून उचललं, चौथीवरून, तिसरीवरून मागं आलं आणि चार दाण्यांपाशी थांबलं. "दुसरी." काल अर्ध्या तासात संपलेली साठ वाक्यं आज दुपारपर्यंत चालली. "मला नवीन गोष्ट शिकावीशी वाटते" यावर ती अडली.

"हे कसं कळावं, म्याडम?"

"आठवून बघा."

तिनं डोळे मिटले. पंकजा लहान असताना संगं यायची, तेव्हाचा कारखान्यावरच्या खोपीतला दिवा आठवला, पाढे घोकणारी पंकजा आठवली. दुसऱ्या दिवशी फडात मोळी बांधताना ओठ आपोआप हलायचे. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. असा आख्खा पाढा तिला येत होता, आणि हे वैजीनाथलाही ठाऊक नव्हतं. तो पाढा तिच्या एकटीचा होता.

तिनं डोळे उघडले आणि पाचव्या वाटीवर बोट ठेवलं. आपल्याच बोटाकडे ती बघत राहिली.

निघताना ती दाराशी घुटमळली. "कालचा कागद काय करनार?"

"बाद झालाय. फाडून टाकणार."

"मला द्या. त्याच्यात ते हायत."

नुसत्या कागदावर कुणाला कामावर घेत नाहीत. तिघींनी एकेक दिवस लेकरांना रांधून वाढलं, झोपवलं. कडूबाईच्या दिवशी लेकरं मध्यरात्रीपर्यंत खिदळत होती. "मलाच झोप आली, त्याह्यला न्हाई आली," असं तिनंच सांगितलं. चौथ्या दिवशी तात्याराव धुरपताबाईच्या दारात आले आणि म्हणाले, "सोमवारपासून या."

महारुद्रचे ट्रक निघाले त्या सकाळी पंकजा शाळेत होती. वसतिगृहाच्या फाटकाशी धुरपताबाई लेकरांची धुतलेली ताटं कुंपणाच्या तारेला टेकवून वाळत ठेवत होती. रस्त्यावर एक जीप थांबली. चालक या भागातला दिसत नव्हता.

"ताई, पाथरीचा रस्ता कोणता?"

धुरपताबाई सवयीनं अर्धं पाऊल मागं सरली आणि वैजीनाथ उभा असायचा त्या डाव्या हाताला बघत थांबली. तिकडून उत्तर आलं नाही. तारेला टेकवलेल्या ताटांतलं पाणी ठिबकत होतं.

तिनं हात पदराला पुसले आणि ती फाटकाबाहेर आली.

"म्होरं कडुलिंब लागंल, तिथून वळा," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "पानी घेता का, दादा?"