दारावरच्या लोंब्या

मित्रांनो, मी एक जुने भात आहे. ताटात आमटी कालवून खाता ते शिजलेले नव्हे, शेतात उभे असते ते. माझ्या प्रत्येक दाण्याच्या टोकाला केसासारखे लांब, ताठ, काळे कुसळ असते. म्हणून माणसे मला काळकुसळ म्हणतात. माझा दाणा आखूड, तांदूळ तांबडा. उकडून कांडला की त्याची पेज घट्ट होते आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही.

माझे वय मला सांगता येत नाही. माझे एक आयुष्य रोहिणी नक्षत्रात सुरू होते आणि आश्विनात संपते. मागे दाणा उरतो. तो पुन्हा पेरला की पुन्हा मीच.

वैभववाडीच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याशी, फार पूर्वी कोणा एका बाईने कापणीच्या वेळी पाहिले की पाखरांनी बाकीच्या लोंब्या टोचल्या आहेत, पण काळ्या कुसळांच्या तेवढ्या सोडल्या आहेत. तिने त्या वेगळ्या खुडल्या आणि पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या. तिच्या सुनेनेही तेच केले. कोणी रोगट रोप दिसले की उपटले, कोणी बिनकुसळांची लोंबी बाजूला काढली. अशा निवडीतून मी झाले. त्या बायांची नावे मला ठाऊक नाहीत.

ठाऊक आहे ते रुक्मिणीचे. एकोणीसशे बावन्नच्या सुमारास ती लग्न होऊन मालवण-कुडाळ रस्त्यालगतच्या एका गावात आली. माहेरहून येताना तिने ट्रंकेत लुगड्यांच्या खाली माझ्या लोंब्यांची एक जुडी आणली होती. तिचा नवरा गुरुदास. कमी बोलणारा, शेतात राबणारा माणूस. त्याने मला पहिल्यांदा व्हाळाकडच्या कुणग्यात, म्हणजे ओढ्याजवळच्या लहानशा तुकड्यात लावले.

शेजारी कायतान राहत असे. तो येताजाता बांधावर थांबायचा आणि काहीतरी खोडी काढायचा. मला कुसळे फुटली तेव्हा तो म्हणाला, "गुरुदासा, तुझ्या बायलेन ह्या काय लायल्यान? भात काय घोड्याची शेपटी?"

गुरुदास म्हणाला, "माका इचारू नको. तिका इचार."

रुक्मिणी चिखलातून वर न बघता म्हणाली, "कायतानभावजी, पाखरांका इचारा. ती सांगतली."

आणि पाखरांनी सांगितले. कायतानच्या शेतात चिमण्यांचे थवे उतरत. माझ्या शेतात एखादी येऊन बसे, कुसळ डोळ्याशी टोचले की उडून जाई. पुढच्या वर्षी कायतानची बायको जेसिंता टोपली घेऊन बियाणे मागायला आली. हळूहळू मी वाडीतल्या बहुतेक शेतांत गेले. ती माझी चांगली वर्षे. गणपतीत पाहुणे आले की लोक मुद्दाम माझी पेज वाढत.

कापणीनंतर रुक्मिणी बियाण्याची मुडी बांधी. मुडी म्हणजे भाताच्या पेंढ्यात बी घालून, वरून दोरीने घट्ट आवळून केलेला गोळा. ती चुलीच्या वर माळ्याला टांगायची. धुराने किडा लागत नाही. आश्विनात नवे, म्हणजे नव्या पिकाचे तोरण, बांधायचे असते, तेव्हा ती माझ्या लोंब्या आंब्याच्या पानांसह केळीच्या सोपाच्या दोरीने दारावर बांधी. त्या लोंब्या वर्षभर तिथे राहत.

पण मित्रांनो, माझ्यात खोडही आहे. मी उंच वाढते. लोंबी भरली की हस्ताच्या पावसात माझी कंबर वाकते आणि मी आडवे होते. मग दाणे पाण्यात भिजतात, काही तिथेच रुजतात. शिवाय मी कमी पिकते. खताची गोण ओतली तरी दाणा वाढत नाही, नुसता पेंढा वाढतो.

म्हणून सहासष्ट सालानंतर सरकारी बियाणे आले तेव्हा लोकांनी मला सोडले. त्यात त्यांची चूक नव्हती. ते नवे भात गुडघ्याच्या थोडे वर, ताठ, न लोळणारे. लोक त्याला बुटको म्हणत. पहिल्या वर्षी बुटको इतका पिकला की कणग्या पुरल्या नाहीत. लोकांनी माझ्या मुड्या सोडल्या, उकडल्या आणि खाल्ल्या.

गुरुदासानेही बुटको लावायचे ठरवले. रुक्मिणी म्हणाली, "तुमका व्हया ता लावा. पण व्हाळाकडचो कुणगो माझो."

"त्या कुणग्यात पिकता काय?"

"पिकता तितक्या पिकांदेत. पेज माका त्याचीच व्हयी."

तेवढा एक कुणगा मला राहिला.

दुसऱ्या वर्षी श्रावण-भाद्रपदात दिवस ढगाळ राहिले. रात्री गारवा आणि सकाळी पानावर दव. बुटक्याला भरपूर खत दिलेले, पाने लुसलुशीत. त्याच्या पानांवर ठिपके दिसू लागले. होडीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी, कडेने तपकिरी. ठिपके एकमेकांना मिळाले आणि पाने जळाल्यासारखी झाली. हा करपा. पुढे तो लोंबीच्या मानेवर उतरला. मान काळी पडली आणि लोंब्या पांढऱ्या, पोकळ उभ्या राहिल्या.

करपा माझ्यावरही बसला. पण माझ्या पानावर त्याचा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा झाला आणि तिथेच सुकला. यात माझा पराक्रम काही नाही. त्या जुन्या बायांनी रोगट रोपे उपटली होती, त्याचे हे फळ.

माझा कुणगा हिरवा पाहून कायतान बांधावर उभा राहिला. त्याचे अर्धे शेत गेले होते, तरी त्याची जीभ गेली नव्हती. "गुरुदासा, खरा सांग. हय देवचार राखण करता काय?" देवचार म्हणजे शेता-वाडीची राखण करणारे भूत.

"देवचार नाय. बायल करता."

"मगे तुझो देवचार बरो. माका पुढच्या वर्साक बी दी म्हणान सांग तिका."

सगळी वाडीच बी मागू लागली. पण हस्ताचा पाऊस आला आणि मी नेहमीप्रमाणे लोळले. अर्धा कुणगा पाण्यात गेला. राहिलेल्यातून रुक्मिणीने एकच मुडी बांधली आणि दारावर नवे बांधले. लोकांना म्हणाली, येत्या पावसात पेरून वाढवते, त्याच्या पुढच्या साली सगळ्यांना देते.

पौषात शेतकी खात्याचे साहेब आले. तरुण होते, बोलायला साधे. ओट्यावर बसून त्यांनी सांगितले, "सरकारी भात पिकते जास्त, पण त्याला करपा लागतो. तुमच्या भाताला करपा फारसे काही करत नाही, पण ते लोळते. या दोघांचे लग्न लावून बघायचे आहे. एकाच्या फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्याचा पराग त्यावर सोडायचा. मग पुढच्या कितीतरी पिढ्या निवडत राहायचे. जमले तर पोर बुटके निघेल आणि करप्यातही उभे राहील."

कायतान तिथे होताच. "मगे सायबानु, हुंडो कोण देतलो?"

रुक्मिणी आतून म्हणाली, "आमी मुलीवाले. आमचो मान पयलो ठेवा, मगे बोला."

साहेब हसले आणि त्यांनी मूठभर बी मागितले. रुक्मिणी बाहेर आली. "बांधलेली मुडी पेरणीशिवाय सोडूची नसता. वैशाखात येवा. देतलंय."

माघात रुक्मिणीला ताप आला. कुडाळच्या डॉक्टरांनी औषध दिले. ताप उतरला नाही. ती गेली.

गुरुदासाने काही दिवस शेताकडे पाहिले नाही. त्याची मोठी बहीण हौसाबाई घर सांभाळायला आली. ती कष्टाळू बाई. तांदळाचा दाणा जमिनीवर पडलेला तिला चालत नसे.

आता जे झाले ते आमच्या बाजूलाच होऊ शकते. आमच्याकडे भात सालासकट उकडतात, उन्हात वाळवतात आणि मग कांडतात. चैत्रात हौसाबाईने अंगणात मोठे तपेले चढवले होते. पेंढा काढायला ती माळ्यावर गेली तर उंदरांनी एक मुडी कुरतडलेली, दाणे सांडत होते. कोपऱ्यात सरकारी बियाण्याची गोण उभी होती. तिला वाटले, बी ते आहे आणि हे खायचे. तिने मुडी खाली आणली, सोडली आणि मला तपेल्यात ओतले.

मी वाळून तयार झाले तेव्हा दिसायला तेच होते. साल तेच, रंग तोच. फक्त आतला कोंब शिजला होता.

वैशाखात गुरुदासाने वर पाहिले. "बाय, माळ्यावरची मुडी खंय गेली?"

"ती? उंदरांनी कुरतडलेली. वाया जायत म्हणान उकड्यात घातलंय." त्याचा चेहरा पाहून ती थांबली. "कित्याक रे?"

"ता बी होता. तिचा."

हौसाबाई म्हणाली, "शिव्या तरी घाल रे माका."

त्याने शिव्या घातल्या नाहीत. कदाचित तळाचे काही दाणे कच्चे राहिले असतील म्हणून त्याने वाळलेल्या भातातले मूठभर घेतले, भिजवले आणि फडक्यात बांधून ठेवले. फडक्याला आंबूस वास सुटला. कोंब एकही आला नाही. मग तो यष्टीने वैभववाडीला, सासुरवाडीला गेला. मेहुण्याने त्याला जेवू घातले आणि सांगितले की तिथेही सगळ्यांनी सरकारी भात घेतले, काळकुसळ कधीच संपले.

तो परत आला तेव्हा ओट्यावर कायतान आणि जेसिंता बसली होती. जेसिंताच्या दारातल्या बुटक्याच्या लोंब्या चिमण्यांनी कधीच साफ केल्या होत्या, नुसत्या काड्या लोंबत होत्या. तिने गुरुदासाच्या दारावर बोट दाखवले.

"ह्यो बघ मां. हेंका कोणी हात लायलो नाय."

माझ्या लोंब्या तिथे होत्या. आंब्याची पाने वाळून वळली होती, पण दाणे भरलेले, काळ्या कुसळांत सुरक्षित.

गुरुदास म्हणाला, "ता काढूचा नाय."

"अरे पण बी..."

"ता तिच्या हातचा बांधलेला आसा. ता हयच रवात."

हौसाबाई दारात उभी होती. तिला बोलण्याचा हक्क नव्हता असे तिला वाटत होते. कायतानने विडी विझवली. मग म्हणाला, "रवांदे. पावसात कुजात. मगे कुजलेला तिच्या हातचा म्हणान ठेव."

जेसिंता म्हणाली, "गप रव हो." पण तो बोलून उठला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुदासाने आतून पाट आणला. त्यावर चढून तो गाठीपाशी थांबला. रुक्मिणीची गाठ घट्ट होती. तो ती कापू शकला असता. त्याने नखांनी ती हळूहळू सोडवली. लोंब्या खाली घेतल्या आणि दोरी दारावरच्या खिळ्याला तशीच ठेवली.

साहेब आले तेव्हा त्याने त्यांना एक लोंबी दिली. "तिना कबूल केलेला," एवढेच म्हणाला. साहेबांनी ती रुमालात गुंडाळली. पुढे त्या लग्नातून काय निघाले, ते मला कळले नाही. अशा कामाला वर्षे लागतात.

बाकीचे दाणे त्याने विहिरीजवळच्या वाफ्यात पेरले. सगळे रुजले नाहीत, पण पुष्कळ रुजले. रोपे त्याने एकेक करून लावली. हौसाबाई रोज तिथे जाऊन कोंबड्या हाकलायची.

आश्विनात सुपभर भात झाले. गुरुदासाने आयुष्यात कधी मुडी बांधली नव्हती. ती त्याने बांधली. एका बाजूला फुगलेली, दुसरीकडे सैल. जेसिंता बघून हसली आणि हौसाबाईला म्हणाली, "ही मुडी न्हय गे बाय, पाव हो!"

तोही हसला. रुक्मिणी गेल्यानंतर पहिल्यांदा. मग तो पाटावर चढला आणि खिळ्यावरच्या त्याच जुन्या दोरीने त्याने माझ्या नव्या लोंब्या दारावर बांधल्या.

त्यानंतर हौसाबाईने एक सवय लावून घेतली. भात उकडायला तपेले चढवले की ती अंगणात उभी राहून मोठ्याने विचारी, "ह्यातला बियाण्याचा काय आसा?" घरात कोणी नसले तरी विचारी. आधी वाडीतल्या बाया हसल्या. पुढे ज्या ज्या घरी गुरुदासाने माझे बी दिले, त्या त्या घरी चुलीपाशी तोच प्रश्न ऐकू येऊ लागला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या माळ्यावर, एखाद्या डब्यात कोणीतरी जपून ठेवलेले बी असेल. ठेवणारे माणूस आता नसेलही. तपेले चढवण्याआधी एकदा मोठ्याने विचारा. उत्तर आले नाही, तर एक मूठ बाजूला काढून ठेवा.