वाटेत हरवलेली उष्णता

आमचा कार्बनचा पापुद्रा जेमतेम एका अणूइतका जाड. त्याचं एक टोक लेझरने तापवायचं आणि दुसऱ्या टोकाला किती उष्णता पोचते ते मोजायचं, हे माझं काम. पण आमच्या प्रयोगशाळेचे सर वारल्यापासून रोज थोडी उष्णता वाटेतच गडप व्हायची. मी तारा बदलल्या, सेन्सर बदलला, लेझरला शिव्या घातल्या.

"भुताटकी आहे गं," तारा जोडून देणारी मैत्रीण हसली.

"भूत कसलं, तुझं सोल्डरिंग!" मी खेकसले.

सर नेहमी म्हणायचे, "उष्णता नाहीशी होत नाही, पोरी. कुठे गेली ते शोध."

शेवटी वैतागून मी सरांच्या खुर्चीत बसले. तीन महिने तिला कोणी हात लावला नव्हता.

खुर्ची कोमट होती, माझ्यासाठी कोणी नुकतंच उठल्यासारखी.