राहीबाईच्या छकड्याची धाव

मी एक जुनी धाव आहे. धाव म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसवलेलं लोखंडी कडं. हल्ली मी राहीबाईच्या अंगणातल्या फणसाला टेकून उभी असते. कोंबड्या माझ्यातून ये-जा करतात, एवढीच काय ती माझी विचारपूस. पण मित्रांनो, मी एकदा जे पाहिलं ते आठवलं की माझं गंजकं अंग अजून शहारतं.

माझी उमेदीची वर्षं पोलादपूरच्या घाटरस्त्यावर खडी वाहण्यात गेली. दगडांवर घासून घासून माझ्या दोन्ही कडांची धार पार गेली, त्या गोल गुळगुळीत झाल्या. पुढे गाडीचं लाकूड कुजलं आणि मी व माझी जोडीदारीण सोनबा लोहाराच्या भंगारात जाऊन पडलो. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

आमच्या खोऱ्यात मार्गशीर्षात भातकापणी उरकली की सावित्रीकाठच्या खाचरांत छकड्यांची शर्यत लागायची. छकडा म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी. टोकाला रोवलेल्या खांबाला वळसा घालून परत यायचं. तिथली माती गाळाची, वरून सुकलेली आणि आतून ओली. चाकाला अशी धरायची की सोडता सोडायची नाही. तरी सगळे गाडीवान हौसेने नव्या, धारदार धावा चढवायचे. कोरं लोखंड जोरात पळतं, असा साऱ्यांचा समज. सरळ वाटेवर ते ठीक होतं. वळणावर मात्र ती धार मातीत रुतायची आणि छकडा कलंडायचा.

राहीबाईचा एकुलता एक मुलगा मुरारी आदल्या वर्षी असाच कलंडला होता. छकडा त्याच्या पायावर आला. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. तरी त्या वर्षी गडी पुन्हा शर्यतीला निघालाच. सुंभ जळला तरी पीळ जातो का?

मग राहीबाई लोहारवाड्यात आली.

"सोनबाभावजी, पोरगा ऐकत नाय. मला पयला नंबर नको. वळणावर गाडी उभी राहू दे, बस."

"वैनी, नवी कोरी धाव चढवतो. काळजीच सोडा."

सोनबाची बायको बनुबाई भाता ओढत बसली होती. ती म्हणाली, "गेल्या सालाला पण नवीच होती की! मग पोरगा पडला कसा?"

बनुबाई उठली, तिने मला ढिगातून ओढून काढलं आणि माझ्या कडेवरून तळहात फिरवला. कित्येक वर्षांत मला असं कोणी हात लावला नव्हता.

"हिला धार नाय. ही मातीला चावायची नाय, सरकेल."

"भंगार चढवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"घालू दे त्यांना," राहीबाई म्हणाली. "माझा पोरगा उभा राहिला पायजे."

मित्रांनो, लोखंडाचा दुसरा जन्म तुम्ही पाहिला आहे का? सोनबाने माझा थोडा तुकडा कापून मला पुन्हा जोडलं, म्हणजे मी चाकापेक्षा जराशी लहान झाले. मग गोवऱ्यांच्या मोठ्या आगीत मला ठेवलं. मी लाल झाले, अंगाने फुगले. दोघा नवरा-बायकोने सांडशीने उचलून मला मुरारीच्या छकड्याच्या चाकावर बसवलं. लाकूड पेटलं, बनुबाईने घण मारला, राहीबाईने घागर ओतली. वाफेत कोणी कोणाला दिसेना. मी आवळत गेले, चाकाच्या आतल्या दांड्या, म्हणजे सगळे आरे, कटकट वाजत आपापल्या जागी घट्ट बसले. शेवटचा आरा बसला तेव्हा मीच थक्क झाले. आगीने फुगवलं, पाण्याने आवळलं, आणि एकाही खिळ्याशिवाय एवढं मोठं चाक एकजीव झालं!

माझ्या जोडीदारणीलाही तसंच दुसऱ्या चाकावर चढवलं. मग चाकं दोन दिवस नदीत बुडवली, लाकूड फुगून आणखी घट्ट झालं. शर्यतीच्या सकाळी बनुबाईने आम्हा दोघींना वाळूने घासलं आणि चिखल धरू नये म्हणून करंजाचं तेल चोळलं. लोक हसत होते. "मुरारी, खडी आणायला चाललास का रे?" मुरारी मान खाली घालून बसला होता.

गर्दी सगळी शेवटच्या रेघेजवळ होती. राहीबाई एकटीच खांबाजवळ उभी राहिली, जिथे तिचा मुलगा पडला होता तिथे.

पाचाडचा हैबती आणि मुरारी जोडीने वळणावर आले. हैबतीची कोरी धाव मातीत रुतली आणि त्याचा छकडा आडवा झाला. त्याने वेळेवर उडी टाकली म्हणून निभावलं. आमचंही आतलं चाक वर उचललं गेलं. सगळा भार बाहेरून फिरणाऱ्या माझ्यावर आला. मातीने मला धरलं. मी चावले नाही. दोन बोटं सरकले, फक्त दोन बोटं, आणि वरचं चाक धप्पकन खाली टेकलं. बैल, माणूस, लाकूड, चिखल, सगळं त्या दोन बोटांवर तोलून गेलं! मी लोखंड आहे, पण तेव्हा मला देवासारखं काहीतरी जवळून गेल्यासारखं वाटलं.

राहीबाईने डोळ्यांना पदर लावला आणि ती तडक घराकडे निघाली. शेवट तिने पाहिलाच नाही.

मुरारी दुसरा आला. हिरमुसून घरी येऊन म्हणाला, "आये, थोडक्यात हुकला गो नंबर."

राहीबाईने त्याच्या पायांकडे पाहिलं. मग हळदकुंकू घेऊन बाहेर आली आणि चिखलाने भरलेल्या मला तिने पदराने पुसलं. पहिला कोण आला, हे तिने आजवर विचारलेलं नाही.

मित्रांनो, झिजलेल्या वस्तूला टाकण्याआधी एकदा तिच्यावरून हात फिरवून बघा. आणि शर्यतीहून कोणी घरी आलं, की नंबर नंतर विचारा.

मुरारीने आता रबरी चाकांची गाडी घेतली आहे. माझ्याकडे तो फारसा बघत नाही. पण बैल जुंपण्याआधी तो वाकतो आणि दोन्ही चाकांच्या कडेवरून तळहात फिरवतो, अगदी बनुबाईसारखा. राहीबाई ओटीवर उभी राहून ते बघते, आणि मगच आत जाते.